आत ओढलेली नळी

१

सत्तावीस जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास लिंडग्रोव्ह गावच्या अँब्युलन्सचं इंजिन काउंटी रोड अकरावर जाम झालं, तेव्हा आत ओपल टेस्के होती. वय अठ्ठ्याहत्तर, छातीत कळा, बाहेर थंडी शून्याखाली बावीस. शेजारच्या गावची अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. ओपल वाचली, बहुतेक हट्टानेच. इंजिन वाचलं नाही.

पुढच्या सोमवारी लोवेल सुंडक्विस्ट माझ्या दुकानात आला. मी ट्रॅक्टर आणि ट्रकच्या सुट्या भागांच्या काउंटरवर असते. लोवेल गावच्या बोर्डाचा अध्यक्ष, पण त्याचा धंदा अंत्यविधींचा. त्यामुळे तो कुठेही शिरला की लोकांना आधी आपली तब्येत आठवते. त्याने पुठ्ठ्याचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि टोपी काढून हातात धरली.

खोक्यात अँब्युलन्सचा ऑइल फिल्टर होता, कापून उघडलेला.

हे माझं खूळ गावाला माहीत आहे. ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात घड्या घातलेला कागद, आणि कागदाच्या मधोमध एक नळी. तेल बाहेरून येतं, कागदातून गाळलं जातं, नळीत उतरतं आणि इंजिनाकडे जातं. तेलाचा दाब कागदाला सारखा आत चेपत असतो, आणि कागद तग धरतो तो नळीच्या जिवावर. ही नळी कुणी बघत नाही. डबा बसवतात, काढतात, फेकतात. मी कापून बघते. कुणी कारखानदार पत्र्याला गोल भोकं पाडून नळी वळतो, ती दणकट. कुणी पत्र्यात बारीक फटी कापून खिडकीच्या झडपांसारख्या उघडतो. ती करायला सोपी, पण झडपा अर्धवट उघडल्या तर तेल अडतं आणि नळी चेपायची भीती. कुणी सरळ प्लॅस्टिकचा पिंजरा घालतो. त्याला बघून लोक नाक मुरडतात, पण माझ्याकडे मोडलेला पिंजरा अजून एकही आलेला नाही. आई गेल्यापासून तिच्या शिवणाच्या खोलीत भिंतभर अशा दोनशे चौदा नळ्या टांगल्या आहेत. त्यांचे फोटो मी इंटरनेटवर टाकते. जगात अकरा माणसं ते बघतात. एक फिनलंडचा आहे, तो रविवारीसुद्धा बघतो. तोही एकटाच राहत असावा.

लोवेलने आणलेल्या फिल्टरची नळी झडपांची होती आणि एका बाजूने आत बसली होती. डब्यावर पांढऱ्या रंगाच्या पेनाने अंगठ्याएवढ्या आकड्यात तारीख होती, नऊ जानेवारी. ती हार्लनची पद्धत. प्रत्येक फिल्टर बसवताना तो त्यावर तारीख घालतो.

हार्लन स्टोल्ट्झ एकोणीस वर्षं अँब्युलन्सची देखभाल करतो, फुकट. वय त्र्याहत्तर. सहा वर्षांपूर्वी त्याची मार्ज गेली. तेव्हापासून रोज सकाळी सातला तो अँब्युलन्सची शेड उघडतो, कॉफी करतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि दुपारपर्यंत काहीतरी पुसत बसतो. पुसण्यासारखं काही नसलं तरी.

लोवेल सांगत होता ते असं. गाडी ओढून नेली ती कॅल ड्रेसलरच्या गॅरेजमध्ये. फिल्टर कॅलने लोवेलच्या समोर काढला आणि कापला. कॅलचं म्हणणं, स्वस्तातली झडपांची नळी दाबाखाली चेपली, तेल अडलं, इंजिन कोरडं पडलं, आणि असला फिल्टर निवडला हार्लनने. गुरुवारी बोर्डाची बैठक होती. हार्लनकडून शेडची किल्ली परत घ्यायची का, हे त्यात ठरणार होतं.

"तू एवढंच सांग, नोला," लोवेल टोपी फिरवत म्हणाला, "की कारखान्यानेच खराब नळी घातली. डबा बाहेरून बघून आतलं कुणाला कळणार? मग हार्लनला कोण काय बोलणार आहे?"

सगळ्या गावाला माझ्याकडून हे एक वाक्य हवं होतं. मलाही ते द्यायचं होतं. ती किल्ली गेली, तर हार्लनला सकाळी उठून जायला या जगात जागा नव्हती.

पण नळी झडपांची होती. आणि ती तशी असायला नको होती.

२

कारखाने डब्याचा रंग बदलत नाहीत, नंबर बदलत नाहीत, आणि आतली नळी मात्र गुपचूप बदलतात. कुणाला सांगत नाहीत, कारण विचारणारं कुणी नसतं. अँब्युलन्सला लागतो त्या फिल्टरमध्ये ऑगस्टपर्यंत झडपांची नळी यायची. सप्टेंबरात नवा माल आला, मी सवयीने एक कापला, तर आत गोल भोकं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी अकराही जणांना वेगवेगळं पत्र लिहिलं. फिनलंडवाल्याने उलट तीन पानं पाठवली.

जुना माल तेव्हाच संपला होता. हार्लन एका वेळी एकच फिल्टर नेतो, आणि नऊ जानेवारीचा त्याने आदल्याच दिवशी माझ्या हातून नेला होता. तरी खात्री करावी म्हणून मी त्याच खोक्यातले उरलेले तिन्ही कापले. तिन्हींत गोल भोकं.

म्हणजे लोवेलने आणलेला फिल्टर नऊ जानेवारीचा नव्हताच. कुणीतरी जुना फिल्टर त्या जागी बसवला होता आणि त्यावर नवी तारीख घातली होती.

गाडी त्या दिवसापासून कॅलकडेच होती. अँब्युलन्सच्या देखभालीचं काम आपल्याकडे यावं म्हणून तो तीन वर्षं बोर्डाच्या मागे लागला आहे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले. तो गाडीखाली होता. माझे बूट ओळखून तिथूनच बोलला.

"आली का फिल्टरांची डॉक्टरीण? पोस्टमॉर्टेम झालं?"

मी म्हटलं, झालं, पण प्रेत भलत्याचंच आहे. तो सरकत बाहेर आला. मी नळीबद्दल सांगितलं नाही, नुसतं विचारत गेले. फिल्टर गाडीवरून उतरवताना लोवेल पूर्ण वेळ तिथे होता का? होता. शपथेवर सांगेल. गाडी आली तीच सरळ लिफ्टवर चढवली आणि त्याच्यासमोर फिल्टर काढला. आणि तेल?

"तेल खुणेपर्यंत होतं. तेल मोजायची काडी मी स्वतः बघितली. म्हणून तर म्हणतो, तेल होतं पण वर पोचलं नाही. नळीने घात केला." मग त्याला चेव आला. "आणि तुझा हार्लन म्हणे फार काटेकोर! खालून सगळं इंजिन तेलाने माखलेलं. फिल्टर तर पानासुद्धा न लावता हाताने सुटला. असा बसवतात का फिल्टर? माझ्या पोराने असा बसवला असता तर मी त्याला झाडू मारायला लावलं असतं."

मी विचारलं, टोइंगची गाडी घेऊन तू पोचलास तेव्हा तिथे कोण होतं.

"हार्लन. एकटाच. ओपलला घेऊन बाकीचे गेले होते. मला यायला तासावर वेळ लागला, रस्ता बर्फाने भरलेला." तो हात पुसत थांबला. "गाडीला टेकून उभा होता. त्याच्या पिकअपमध्ये हीटर चालू होता, तरी बाहेरच. भुवयांवर बर्फ. मी म्हटलं आत बस, मरशील. तर जागचा हललाच नाही."

एवढं सांगताना कॅलचा आवाज जरा खाली आला होता. आणि मला हवा होता तो चोर माझ्या हातून निसटला होता, कारण लोवेल खोटं बोलत नाही. बदल गॅरेजमध्ये झाला नव्हता. तो रस्त्यावरच झाला होता.

३

त्या दिवशी गाडी योलीन हाऊगेन चालवत होती. शाळेत स्वयंपाक करते आणि अँब्युलन्सच्या स्वयंसेवकांची प्रमुख आहे. शाळेच्या मागच्या दारात ती मला म्हणाली की तिने पोलिसांना सांगितलं तेच मलाही सांगेल. ऑइलचा लाल दिवा लागला, आणि तरी तिने गाडी थांबवली नाही. दवाखाना अकरा मैलांवर, मागे ओपल. इंजिन खडखडायला लागलं तरी ती दोन मैल रेटत राहिली. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तेच करेन, म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सगळं गाव हार्लनला बोलत होतं, आणि ती रात्री जागून स्वतःला.

मग मी ओपलकडे गेले. ती दवाखान्यातून घरी आली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पत्ते मांडून एकटीच खेळत होती. तिने मला ओव्हनमधून काढलेलं बटाट्याचं गरम हॉटडिश वाढलं आणि मी पहिला घास घेईपर्यंत एक शब्द बोलू दिला नाही.

ती बोलली ते सगळं इथे मांडत नाही, ते दीड तास चाललं. तिची तक्रार कुणाविषयीच नव्हती. त्या चाळीस मिनिटांत योलीनने तिचा हात धरून ठेवला होता. "बाळ, दोन हजार नऊनंतर माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता," ओपल म्हणाली. "मी मनात म्हटलं, येऊ दे सावकाश त्या दुसऱ्या गाडीला."

मी हसले. मग विचारलं, गाडी बंद पडण्याआधी काही आठवतं का. आवाज, वास.

"वास आधी आला. तव्यावर तेल जळावं तसा. आणि मी पाय मागच्या दाराकडे, तोंड मागच्या काचेकडे करून पडलेली ना? रस्त्यावर पांढराशुभ्र बर्फ, आणि आमच्यामागे एक काळी रेघ निघत होती. आधी बारीक, मग चांगली हातभर रुंद. मला वाटलं आता मी चालले, डोळ्यांपुढे काळं येतंय. पण डोळे मिटले की रेघ जायची आणि उघडले की परत तिथेच."

माझा चमचा थाळीतच राहिला.

मधली नळी चेपली तर तेल आत अडतं. रस्त्यावर सांडत नाही. ओपलने पाहिली ती काळी रेघ म्हणजे इंजिनातलं सगळं तेल होतं, मैलभर लांबीचं. आणि तासा-दोन तासांनी कॅलने काडी बघितली, तेव्हा तेल खुणेपर्यंत होतं.

म्हणजे इंजिन मेल्यावर त्याच्या पोटात कुणीतरी ताजं तेल ओतलं होतं. फिल्टर हाताने सुटला तोही म्हणूनच. तापलेल्या इंजिनावर फिल्टर घट्ट धरून बसतो. हा बसवल्यावर इंजिन एकदाही तापलं नव्हतं.

तिथे एकच माणूस एकटा होता.

४

मी हार्लनकडे गेले नाही. घरी आले. माणसावर बोट ठेवायच्या आधी नळीला एकदा नीट विचारावं, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला वेळ काढायचा होता.

जुन्या मालातली झडपांची नळी माझ्या भिंतीवर होती, कागदासकट. ती मी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तेलाच्या बंद भांड्यात बसवली आणि हातपंपाने दाब चढवत गेले. हे यंत्र मी लाकडं फोडायच्या मशीनच्या पंपातून स्वतः जुळवलं आहे; दिसायला भयंकर, पण चालतं. पुष्कळ वेळाने आत 'टप्' झालं. काढून बघितलं, तर नळी तीन बाजूंनी आत गेली होती, मुठीत कागदाचा पेला दाबावा तशी. कागद तिच्यामागोमाग आत शिरला होता आणि प्रत्येक झडपेचा ठसा त्यावर उमटला होता.

लोवेलच्या फिल्टरमध्ये कागद जागच्या जागी होता. सरळ घड्या, एकही ठसा नाही. नळी एकाच बाजूने आत गेली होती, आणि तिथल्या दोन झडपा ओठासारख्या आत वळल्या होत्या. आतून पत्र्यावर चकचकीत नवे ओरखडे होते.

ती नळी तेलाने आत ढकलली नव्हती. डबा न उघडता, खालच्या भोकातून तारेचा आकडा घालून, ती कुणीतरी आत ओढली होती. आणि ओढणाऱ्याला पक्कं माहीत होतं की झडपांच्या नळीची बदनामी आहे. त्याला ते माहीत होतं, कारण बारा वर्षं दर वसंतात तो ब्रेडच्या पिशवीतून एक जुना फिल्टर मला आणून द्यायचा, या खोलीत खुर्चीवर बसायचा आणि मी नळ्यांबद्दल बोलत राहायचे. मला वाटायचं, तो नुसता सौजन्याने ऐकतो.

त्याचे बाराही डबे नळ्यांशेजारी भिंतीवर होते, तारखेची बाजू भिंतीकडे. मी एकेक काढून टेबलावर ओळीने ठेवले. पहिल्यावरचे आकडे मुगाच्या दाण्याएवढे, नीटनेटके, हिशेबनिसाला शोभतील असे. आठव्यापर्यंत तसेच. नवव्यावर जरा मोठे. दहाव्यावर नखाएवढे, ओळ किंचित उतरती. बाराव्यावर आकडे डब्याच्या कडेवरून खाली गेले होते.

बारा वर्षं मी आतलंच बघत होते.

५

बुधवारी दुपारी, हार्लन चर्चमधल्या ज्येष्ठांच्या जेवणाला गेलेला असताना, मी लोवेलकडून दुसरी किल्ली घेऊन शेड उघडली. रिकामी शेड. जमिनीवर अँब्युलन्सच्या चार चाकांच्या जागा उमटलेल्या, आणि भोवती झाडून लखलखीत केलेलं. जिथे आता गाडी नव्हती, ती जागाही तो रोज झाडत होता.

काढलेले फिल्टर हार्लन मागच्या फळीवर निथळायला ठेवतो. वसंतात भंगारवाला नेईपर्यंत ते तिथेच असतात. तेलबदल दर तीन महिन्यांनी. म्हणजे फळीवर एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन तारखांचे डबे हवे होते. दोनच होते. एप्रिल आणि ऑक्टोबर. जुलैच्या जागी तेलाचं गोल वर्तुळ तेवढं होतं. जुलैचा फिल्टर जुन्या मालातला, झडपांचा, आणि तो आता माझ्या दुकानात खोक्यात पडला होता.

मी ऑक्टोबरचा डबा उचलला. हा नऊ जानेवारीला काढलेला. उलटा केला, आणि खाली बसले.

फिल्टरच्या तोंडावर रबराची एक रिंग असते. तिच्यामुळेच तेल बाहेर येत नाही. जुना फिल्टर काढला की ती त्याच्याबरोबर आली का, हे बघायचं, हा या कामातला पहिला धडा. कारण कधीकधी ती इंजिनाला चिकटून मागे राहते, काळ्यावर काळी. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर एकाखाली एक अशा दोन रिंगा होतात. काही दिवस तग धरतात. मग एखाद्या कडाक्याच्या सकाळी तेल घट्ट असतं, दाब वाढतो, रिंगा सरकतात आणि सगळं तेल मिनिटा-दोन मिनिटांत रस्त्यावर येतं. ही चूक शिकाऊ लोक करतात, एकदाच. चाळीस वर्षं मेकॅनिक असलेला माणूस करत नाही, जोवर त्याला दिसतं आहे.

ऑक्टोबरच्या डब्याला रिंग नव्हती.

दार वाजलं. हार्लन उंबऱ्यात उभा होता, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं चर्चमधलं उरलंसुरलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या थोडं बाजूला, खांद्याच्या पलीकडे बघितलं. गेलं वर्षभर तो असाच बघायचा. मी समजत होते, लाजतो.

"नोला का?" तो म्हणाला.

"हो."

"तुझा वास येतो. सुट्या भागांचा." तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कुठला डबा आहे हातात?"

"ऑक्टोबरचा."

त्याने मान हलवली. फॉइलचं पुडकं गुडघ्यावर ठेवलं आणि त्याच्या कडा दाबत बसला.

मग त्याने सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत. डोळ्यांचं चार वर्षांपूर्वी सुरू झालं. मधलंच जातं, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाला, थांबवता येईल थोडं, परत आणता येणार नाही. कुणाला सांगितलं नाही. सगळं बोटांनी करायला शिकला. नऊ जानेवारीला शेडचा हीटर बंद पडला होता, बोटं बधिर होती. इंजिनाची कड चाचपली, गुळगुळीत लागली. रबरही गुळगुळीतच असतं. इंजिन चालू करून खाली पुठ्ठा ठेवला, एक थेंब पडला नाही. अठरा दिवसांत गाडी दोनदा बाहेर पडली, जवळच. सत्तावीसला रेडिओवर ऐकून तो गेला, ओपलला हलवल्यावर गाडीखाली शिरला आणि हाताला दोन रिंगा लागल्या.

"मी तिथेच पडून होतो जरा वेळ. बर्फात. बरं वाटत होतं."

शेड तिथून तीन मैल. तो आला, जुलैचा फिल्टर घेतला, जुनी तारीख पुसून नवी घातली, तारेच्या आकड्याने नळी ओढली, तेलाचे डबे घेतले, परत गेला, दोन्ही रिंगांसकट खरा फिल्टर काढला आणि हा बसवला.

"तूच सांगायचीस ना, झडपांची नळी कच्ची असते. म्हटलं कारखान्यावर जाईल. कारखान्याला काय, त्याला कुठे घर आहे. मग कॅल म्हणाला निवड माझी. तेही चाललं असतं. वाईट माल घेतला म्हणून नावं ठेवली असती. पण आंधळा झालो म्हणून..."



मी म्हटलं, उद्या मला विचारणार आहेत. मी काय सांगू ते तुम्ही सांगा.

"नळीबद्दल विचारतील?"

"नळीबद्दलच."

"मग नळीचं खरं ते सांग," तो म्हणाला. "तू नळीबद्दल खोटं बोललीस तर मला ते ऐकवणार नाही."

६

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला अग्निशमन केंद्रातल्या खोलीत चाळीसेक माणसं होती. कॉफीचं मोठं भांडं, लिंबाच्या वड्या, घड्या घालायच्या खुर्च्या. योलीन भिंतीला टेकून उभी होती. ओपल पहिल्या रांगेत, कोट न काढता. कॅल हाताची घडी घालून मागे.

लोवेलने मला विचारलं, नळी चेपल्यामुळे इंजिन गेलं का. तो माझ्याकडे आशेने बघत होता. सगळेच बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "ही नळी इंजिनात चेपलेली नाही. आणि हा फिल्टर नऊ जानेवारीचा नाही."

खुर्च्या करकरल्या. काहींनी मान वळवून कॅलकडे बघितलं, आणि मी क्षणभर थांबले तेव्हा कॅलचा चेहरा लाल झालेला मला दिसला.

"कॅलने केलेलं नाही," हार्लन म्हणाला. तो उठून उभा होता. "मी केलंय. बाकीचं मी सांगतो."

त्याला चार मिनिटं लागली. रिंग, बर्फ, जुलैचा डबा, डोळे. त्याने कुठलंही कारण पुढे केलं नाही. योलीनकडे, म्हणजे ती जिथे असावी असं त्याला वाटलं तिथे, तोंड करून म्हणाला, की दोन मैल आधी थांबली असती तरी इंजिन गेलंच होतं. तिने तोंडावर हात धरला. मग तो टेबलाच्या कडेला हात लावत पुढे आला आणि शेडची किल्ली लोवेलसमोर ठेवली.

आमच्याकडे अशा वेळी लोक खोकतात. बूट बघतात. कुणीतरी एकीने वड्या फॉइलमध्ये बांधायला घेतल्या, कारण हाताला काहीतरी काम हवं. कॅल मागून म्हणाला, इंजिन मी जोडून देतो, कामाचं नंतर बघू. त्याहून जास्त त्याला जमलं नाही.

मग ओपलचा आवाज आला, नेहमीचाच, थोडा खरखरीत.

"हार्लन, तू इथे कसा आलास?"

त्याला कळलं नाही.

"घरून. कसा आलास?"

  हार्लनने कोटाच्या खिशात हात घातला, पिकअपची किल्ली काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. ही कुणी मागितली नव्हती. 

बोर्डाने मतदान केलं नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी त्याला घरी सोडायला निघाले. त्याचं घर गावाबाहेर नऊ मैल. दोन्हीकडे बर्फाची शेतं, वारा रस्त्यावरून पांढरी धूळ ओढत होता. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, मांडीवर वड्यांचं पुडकं. कडेचं दिसत असल्यामुळे तो मला डावी-उजवी सांगत होता: हे योहानसनांचं कोठार, आता चढ, आता तो मोडका पत्रपेटीचा खांब. शब्द तेवढेच.  बारा वर्षांत माझ्या घरी येणारा हा एकच माणूस, आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या एका 'नाही'ने गेल्या होत्या.

अंगणात गाडी थांबवली. दिवे लावलेले नव्हते. तो उतरला, दार धरून उभा राहिला.

"दर गुरुवारी मी इकडून जाते," मी म्हटलं. "दुकान बंद झाल्यावर. तुम्हाला गावात काही काम असलं, किंवा माझ्याकडे यायचं असलं, तर घेऊन जाईन. वाटेतच आहे."

वाऱ्याने त्याची टोपी हलली. त्याने ती हाताने धरली.

"नोला," तो म्हणाला, "माझ्या घराच्या पुढे रस्ता जात नाही. तो इथेच संपतो."

"माहीत आहे," मी म्हटलं.